तिसरी फळी

आमच्या आउडहूक गावात वाऱ्याचा अंदाज घ्यायला कुणी रेडिओ लावत नसे. याना खांद्यावर शाल टाकून, विणकामाची पिशवी काखोटीला मारून चर्चच्या टेकाडाकडे निघाली, की समजायचं, वारा वायव्येला फिरला, आता समुद्र चढणार. "निघाली आपली भित्री भागूबाई," बंदरावरची पुरुषमंडळी म्हणायची, आणि म्हणता म्हणता आपापल्या होड्यांचे दोर तपासून यायची. तिला हसायची, पण दोर तपासायची.

भित्री तर ती होतीच, नाही कशाला म्हणा. समुद्राचा मोठा पूर आला तेव्हा ती तिशीची होती. ती आणि तिची धाकटी बहीण विल्मिना गोठ्याच्या छपरावर चढून बसल्या होत्या. उजाडता उजाडता छप्पर मोडलं. यानाला होडीवाल्यांनी वर ओढून घेतलं. विल्मिना गेली ती गेलीच, तिचं कुठं काही सापडलं नाही. दफनभूमीत पुरात गेलेल्यांच्या ओळीत तिचाही दगड आहे, पण दगडाखाली कुणी नाही. ती मेली हे यानानं कधीच पचवलं होतं. "पण ती आहे कुठं, एवढं तरी कुणी सांगा," असं म्हणायची.

पुरानंतर तिनं रिनसशी लग्न केलं. सायकली दुरुस्त करणारा, मितभाषी, स्वतःशीच शीळ घालणारा माणूस. त्याचं घर समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या पायथ्याशी, गावातल्या सगळ्यांत सखल जागी. लग्नाआधी तिनं एकच अट घातली होती, की घर बदलू. त्यानं घर बदललं नाही, पण बांधातल्या खिंडीचं काम मागून घेतलं. "समुद्राच्या दाराची कडी माझ्याच हातात असली म्हणजे झोपशील ना?" तो म्हणाला. ती काही झोपली नाही. वारा सुटला की तो फळ्या लावायला खिंडीकडे आणि ती पाद्र्याच्या स्वयंपाकघरात वर टेकाडावर, असा त्यांचा संसार चालला. बरा चालला.

बंदराचा रस्ता बांध कापून जातो, तीच ही खिंड. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि भिंतींत उभ्या खाचा. उधाणाचा इशारा आला की त्या खाचांतून एकावर एक जाड ओकच्या फळ्या सोडायच्या आणि मागून घोड्याची लीद नि चिकणमाती ठासायची. पुराच्या तडाख्यानं भिंती वरच्या बाजूला जरा फाकल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांत खालची फळी आखूड आणि वरची लांब. एकीच्या जागी दुसरी बसायची नाही. रिनसनं प्रत्येक फळी तिच्या जागेच्या मापानं तासून घेतली होती.

आता शहाण्या माणसाला वाटेल, असल्या फळ्या कुलपात ठेवाव्यात. पण आमचं गाव म्हणजे आमचं गाव. लग्न निघालं की वरच्या लांब फळ्यांची बाकं व्हायची, शाळेच्या नाटकात रंगमंच व्हायचा. आणि खालून तिसरी फळी मेलेल्यांची. पुराच्या वेळी शाळेत प्रेतं ओळीनं फळ्यांवर ठेवली होती. तेव्हापासून घरात कुणी गेलं, की शेजाऱ्यांनी येऊन त्याला आंघोळ घालायची, घड्याळ थांबवायचं, आरसा भिंतीकडे फिरवायचा आणि माणसाला दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या तिसऱ्या फळीवर निजवायचं, अशी रीतच पडली. ती सगळ्यांत रुंद, सरळ आणि गुळगुळीत. बांधाचा कारभारी बोगार्ड कधीमधी कुरकुरायचा, तेव्हा रिनस म्हणायचा, "चार दिवसांनी परत येतेच की ती. तिच्यावरचं माणूस येत नाही." मरण आणि उधाण एकाच दिवशी दारात येतील, हे त्या अख्ख्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रिनस शनिवारी गेला. हातात सायकलचं चाक होतं, ते घरंगळत अंगणात गेलं आणि तो खाली बसला, एवढंच. शेजारची क्रिना आणि तिचा नवरा योब आले, योबनं फळी आणली आणि क्रिनानं बाकी सगळं रीतीप्रमाणे केलं. रविवारी अख्खं गाव येऊन गेलं. मंगळवारी पुरायचं ठरलं.

सोमवारी सकाळी वारा फिरला.

पडदे ओढलेल्या खोलीत याना रिनसच्या उशाशी बसली होती. कौलं वाजायला लागली. सवयीनं तिनं शाल ओढून घेतली, पण उठली नाही. जाणार कुठं? त्याला असं एकट्याला टाकून? आणि दुसरी गोष्ट तिला पहिल्या झुळकेलाच कळली होती: तो कशावर निजलाय. गावात समुद्राला तिच्याइतकं कुणीच भीत नव्हतं, आणि खिंडीला कोणती फळी कमी पडणार हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती तोंड शिवून बसली. वारा पडेल, उधाण हुकेल, कुणी येणार नाही, असं मनाशी घोकत राहिली. फळी काढली की त्याला ठेवायचं कुठं, आणि पाणी आलं तर तो जाईल कुठं, याच्यापुढे तिला विचारच सुचेना. विल्मिनासारखा हाही गेला तर? एक दगड, आणि खाली कुणी नाही. 

दुपार कलायला लागली तेव्हा अंगणात पावलं वाजली. तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. पाच-सहा पुरुष, टोप्या हातात, गुडघ्यापर्यंत लिदीनं भरलेले. कुणी दार वाजवेना. शेवटी तिनंच दार उघडलं.

"कॉफी आहे का गं, याना?" योबनं विचारलं. गावातला एक नंबरचा टवाळ माणूस, पण त्याचा आवाज कापत होता.

"खानावळ आहे का ही? समोर उधाण आलंय आणि याला कॉफी सुचतेय." ती म्हणाली. "बोल काय ते."

योबनं बोगार्डकडे पाहिलं. बोगार्डनं जमिनीकडे.

"दोन फळ्या बसल्यात," बोगार्ड म्हणाला. "तिसरीच्या जागी कोठाराचं दार लावून पाहिलं, ते खाचेत शिरत नाही. चौथी उतरत नाही. पाणी धक्क्यावर आलंय, याना. भरतीला अजून वेळ आहे, आणि ते आत्ताच धक्क्यावर आलंय."

"मला माहीत आहे," याना म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सकाळपासून माहीत आहे. या आत."

ते आत आले आणि फळीभोवती उभे राहिले. कुणी हात लावेना. पुरुषांचं हे असंच, मेलेल्या माणसाला सांभाळायचं ते बायकांनी, असं त्यांना आईच्या दुधासोबतच पाजलेलं असतं.

"उचला," याना म्हणाली. "पाय योब, तू धर. डोकं मी धरते. तिकडे, पलंगावर. आणि हळू. त्याच्या पाठीत दुखायचं."

आमच्याकडे पलंग भिंतीतल्या कपाटात असतो, बराच उंच, लाकडी दारांचा. रिनसला त्याच्या रोजच्या बाजूला निजवलं. फळी बाहेर जाताना दाराच्या चौकटीला घासली, आणि त्या आवाजानं याना एकदम ओरडली, "अरे, सांभाळून!" फळीला की कुणाला, ते तिलाही समजलं नाही.

क्रिना डोक्याला रुमाल बांधून धावत आली. "चल, याना! सगळ्या बायका-पोरं चर्चवर चाललीत. बोगार्डचा हुकूम आहे."

"आणि हा?"

"ह्याला काय आता..." क्रिनानं जीभ चावली.

"ह्याला काय, ते सांग ना."

"फळी बसली की आम्ही चौघं परत येतो," योब दारातून म्हणाला. "खांद्यावर घेऊन वर नेतो त्याला. शब्द देतो."

"ऐकलंस?" याना क्रिनाला म्हणाली. "ते आले की त्यांच्याबरोबर येते. तू पोरांना घेऊन हो पुढं."

"तू? इथं खाली? अगं, नुसती झुळूक आली तरी तुझी पाचावर धारण बसते!"

"आत्ताही बसलीये. जा तू."

क्रिना तिला मिठी मारून गेली. चर्चची घंटा वाजायला लागली. उशीर झालेली माणसं रस्त्यानं पळत होती, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या पाठीवर म्हातारी. मग रस्ता रिकामा झाला. घंटाही थांबली. उरला फक्त वारा आणि त्याच्या पाठीमागे तो दुसरा आवाज, जड, दबका, बांधाच्या पलीकडून येणारा. तो याना विसरली नव्हती. छपरावर बसून तिनं तोच ऐकला होता.

चौघं आले नाहीत.

तिला दोष द्यायचा नव्हता त्यांना. फळी बसली असेल, वरच्या बसत असतील, लीद ठासायला सगळे हात लागत असतील. ती दाराशी जाई, खिंडीच्या दिशेनं पाही आणि परत येई. दिवसाउजेडी अंगण काळवंडलं. बांधाच्या माथ्यावरून पांढरा फेस उडून कोबीच्या वाफ्यांत पडत होता. गटार भरलं, मग अंगणातल्या विटा दिसेनाशा झाल्या.

दाराखालून पाणी आत आलं तेव्हा ते अगदी गुपचूप आलं, एखाद्या बोटाएवढं. तिनं वाकून त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पावसाचं असू दे, गटाराचं असू दे, एवढंच मागत होती ती.

खारट होतं.

 भिंतीला धरून ती पलंगापर्यंत आली. पळायचं तर आता पळायला हवं होतं, टेकाड काही लांब नव्हतं, पोटऱ्यांएवढ्या पाण्यातून जाता आलं असतं. तिनं रिनसकडे पाहिलं. दाढी केलेला, रविवारचा सदरा घातलेला, शांत. तिला त्याचा भयंकर राग आला. "तू घर बदललं असतंस तर?" ती मोठ्यानं म्हणाली. "एकच गोष्ट मागितली होती मेल्या तुझ्याकडे!" आणि मग ती रडली, शनिवारपासून पहिल्यांदा. त्याच्या छातीवर डोकं टेकून, हुंदके देत, पाणी घोट्याला लागेपर्यंत.

मग ती उठली, आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांधलेली कपडे वाळवायची दोरी तिनं सुरीनं कापून आणली.

योब आला तेव्हा काळोख पडायला लागला होता. तो एकटाच होता, कंदील घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यातून. "याना!" तो दारातूनच हाका मारत होता. "याना, उतरतंय पाणी! भरती फिरली! दोनदा वरून उसळलं, खाचांतून चिळकांड्या उडत होत्या, पण हललं नाही काही! आम्हाला तिथून निघताच येईना गं, फळीला पाठी लावून उभे होतो सगळे. याना?"

 त्यानं कंदील वर केला.

भिंतीतल्या पलंगाची दारं उघडी होती. याना रिनसच्या शेजारी, आपल्या बाजूला, बूट घालूनच आडवी झाली होती. डोळे टक्क उघडे. दोघांचे हात मनगटाशी दोरीनं बांधलेले होते, वेढ्यावर वेढे देऊन, दातांनी ओढून गच्च केलेल्या गाठी मारून. पाण्यानं नेलं असतं तर दोघांना एकत्र न्यावं लागलं असतं, आणि एक सापडलं असतं तर दुसरंही सापडलं असतं.

 

"खरंच उतरतंय?" यानानं विचारलं. 

त्यानं मान डोलावली.

"उद्या पुरता येईल याला?"

"येईल," योब कसाबसा म्हणाला. "वर, कोरड्या जमिनीत. मी स्वतः खणतो."

"मग सोडव. मला सुटत नाहीत गाठी. हात ऐकत नाहीयेत."

योबनं कंदील खुर्चीवर ठेवला, लिदीनं भरलेले हात पँटला पुसले आणि वाकून तिच्या मनगटाकडची गाठ चाचपायला लागला.

"माझा नको," याना म्हणाली. "आधी त्याचा सोड. घट्ट बसलंय रे, वळ उठेल त्याला."

योबनं आधी रिनसचा हात सोडवला.