विहिरीतला अणुबॉम्ब
फटाक्याच्या दारूचा वास आला की मी अजूनही आधी दाराकडे बघते. नवी नवरी होऊन इंझोरीला आले, तेव्हा सासऱ्यांच्या विहिरीला काळा खडक लागला होता आणि त्यांनी परवान्याशिवायच सुरुंग उडवला. दुसऱ्या दिवशी भूकंप मोजणाऱ्या केंद्राची जीप दारात! साहेबांनी ओसरीवर कागद पसरला. सरळ रेघेत मधेच एक दातेरी उंचवटा होता. "काल दुपारी सुरुंग लावला का?" "नाही जी," सासरे म्हणाले आणि विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. "मग पंचाईत झाली. परदेशात कुणी जमिनीखाली अणुबॉम्ब उडवला, तरी आमचं यंत्र हलतं. आता दिल्लीला कळवावं लागेल." एकीकडे तुरुंग, दुसरीकडे महायुद्ध! तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "अवो, सांगून टाका ना! तुमच्या हिरीपायी दिल्लीवाले लढाई करतीन!" सासऱ्यांनी हात जोडले. "मीच उडवला, साहेब. मले न्या, पण दिल्लीले कळवू नका." साहेबांनी उंचवट्याशेजारी 'विहीर' लिहिलं आणि शांतपणे चहा मागितला. जवळचा सुरुंग आणि दूरचा बॉम्ब यांतला फरक त्या लबाडाला पहिल्याच नजरेत कळला असणार, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र आमच्या घरात महिनाभर कुणी नारळसुद्धा जोरात फोडला नाही.