एमोकेची चाळणी

अर्धे प्लम बटाट्याच्या गोळ्यांत भरून झाले होते, तेवढ्यात राहवेना म्हणून एमोके पिठाच्या हातांनीच संगणकापुढे बसली. नेटवर्कवरून येणारी माहितीची पाकिटं संगणकाच्या गाभ्यातच तपासणारी चाळणी तिने वर्षभर खपून लिहिली होती. ती चालते का, हे दूर पेच शहरातल्या यंत्रावर आज कळणार होतं. देवाचं नाव घेऊन तिने ‘सगळ्यांना अडव’ हा नियम धाडला. ‘मला सोड’ हा आधी धाडायचा नियम राहूनच गेला. पेचच्या यंत्राशी जोडलेला तिचा पडदा थिजला.

“अरे झोंबोर, तिनं मलाच हाकललं!”

“जन्मदात्या आईलाही सोडत नाही? मग पक्की आहे गं तुझी चाळणी!” नवरा म्हणाला.

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत दोघं स्वयंपाकघरात नाचली. उद्या पहिल्या गाडीने पेचला जाऊन तो नियम पुसला जावा म्हणून तिला ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं होतं.