तबकातला बेडूक

दिवाळीच्या तोंडावर ताईचा फोन आला. "या भाऊबीजेला साडी आणलीस तर दार उघडणार नाही. मला बेडूक दे."

बेडूक म्हणजे आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम. कॅसेटवरची परदेशी अक्षरं कुणाला वाचता येईनात, म्हणून घरात हेच नाव पडलं. एक बेडूक उड्या मारत पुलामागून पूल ओलांडतो आणि शेवटी किल्ला येतो. किल्ल्यात काय आहे ते आम्हाला कधीच कळलं नाही. खेळ मध्येच राखून ठेवायची सोय नव्हती आणि ताई शेवटच्या पुलावर पोचली की पनवेलची वीज हमखास जायची. आता ताई पन्नाशीला टेकली, तरी तो किल्ला आतून बघायची तिची हौस काही फिटली नाही.

अडचण अशी, की हा गेम आता विकत मिळतच नाही. मिळतो तो इंटरनेटवर, कुणीतरी फुकट ठेवलेला. जुन्या मशीनची नक्कल करणारा इम्युलेटर नावाचा प्रोग्राम असतो, त्यावर तो चालतो. आणि माझी नोकरी कसली? ऑफिसात कुणाच्या कॉम्प्युटरवर बिनपरवान्याचं सॉफ्टवेअर आहे का, ते शोधायची. मागच्याच महिन्यात एका बिचाऱ्याने फुकटात उतरवलेल्या फॉन्टवरून मी त्याला लांबलचक मेल पाठवला होता. त्यात 'नैतिकता' हा शब्द ठळक केला होता.

"उतरवा की," बायको म्हणाली. "कोण विचारायला येतंय?"

"अगं, ओवाळणी आहे ती. तबकात चोरीचा माल घालू?"

"मग साडी घ्या."

"साडी तिला नकोय."

"मग चोरी करा. पण काय ते लवकर ठरवा, मला चकलीची भाजणी भिजवायचीय."

मी त्या परदेशी कंपनीला विनंतीचा मेल लिहिला. बहिणीसाठी एक प्रत उतरवून घेऊ का, असं विचारलं आणि भाऊबीज म्हणजे काय, तेही समजावून सांगितलं. मेल तसाच परत आला. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं. ज्याची परवानगी मागायची तोच सापडत नसेल, तर माणसाने प्रामाणिक राहायचं तरी कसं?

मग मला एक पळवाट सुचली. विकत घेतलेल्या पुस्तकाची स्वतःपुरती झेरॉक्स काढणाऱ्याला आपण चोर म्हणतो का? बेडकाची कॅसेट तर बाबांनी दुकानातून पैसे मोजून घेतली होती. मी आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमधला माळा उपसला. आकाशकंदील, जुना मिक्सर, मोडका पंखा हे सगळं हॉलमध्ये आलं, बायको माझ्याकडे न बघता त्यातून वाट काढत राहिली आणि शेवटी ती पिवळी कॅसेट सापडली. मी तिच्यावरची धूळ पुसली, ती शेजारी ठेवली आणि तिच्या साक्षीने गेम उतरवला. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

भाऊबीजेला जुन्या पनवेलमध्ये ताईकडे गेलो, तेव्हा पिशवीत दोन वस्तू होत्या: गेम भरलेली, टीव्हीला जोडायची छोटी डबी आणि साक्षीदार म्हणून कॅसेट. पाटावर बसलो, डोक्यावर रुमाल टाकला. ताईने कुंकू लावलं, ओवाळलं आणि तबक पुढे केलं. माझा हात मध्येच अडला.

"ताई, आधी एक सांगायचंय. हे एका अर्थी चोरीचं आहे."

"मग पटकन घाल. निरांजन विझायला आलंय."

भावजी उरणला बंदरात माल सोडवायच्या कामाला आहेत. ते सोफ्यावरूनच म्हणाले, "परदेशी माल का? कागद दाखवा."

मी लगेच कॅसेट काढून दाखवली. भावजी पोट धरून हसले. मी मात्र गंभीरपणे डबी तबकात घातली.

फराळ बाजूला ठेवून ताई टीव्हीसमोर मांडी घालून बसली. सुरुवातीलाच पडद्यावर इंग्रजीत कंपनीचं नाव झळकलं.

"हे काय नवीन?" ताई म्हणाली. "आपल्याकडे इथे काळी पट्टी होती. बोगदा म्हणायचो आपण तिला."

मी कॅसेटकडे बघितलं. बोगदा कसला? कुणीतरी मूळ मालकाचं नाव खोडून त्या कॅसेटी विकल्या होत्या. बाबांनी पैसे मोजून आणलेली कॅसेटच चोरीची होती, आणि मी उतरवलेल्या फुकट्या प्रतीत मालकाचं नाव मात्र शाबूत होतं.

"साक्षीदार फितूर झाला," भावजी म्हणाले.

मी ताईची माफी मागू लागलो, पण तिला वेळ कुठे होता? बेडूक दुसऱ्या पुलावर होता. निदान काही उपयोग व्हावा म्हणून मी म्हणालो, "हे बटण दाबलंस की खेळ तिथेच राखून ठेवता येतो."

"खबरदार! चोरी चालेल, रडीचा डाव नाही चालणार."

शेवटच्या पुलावर वीज गेली नाही. ताईचा हात चुकला आणि बेडूक पाण्यात गेला. ताई चहा टाकते म्हणून उठली, पण तिचा चेहरा मला दिसला. पुलाआधी ती चष्मा पुसत होती, तेव्हा ते बटण मी हळूच दाबलं होतं. तिला ते कबूल केलं.

ताईने स्वयंपाकघराकडे बघितलं, भावजींकडे बघितलं, आणि पुन्हा मांडी घातली. "माझ्या मुलांना सांगितलंस तर बघ."

या वेळी बेडूक पार गेला. किल्ल्याचं दार उघडलं. आत खजिना नव्हता, राजकन्या नव्हती. काळ्या पडद्यावर इंग्रजीत नावं सरकू लागली, गेम बनवणाऱ्या माणसांची. चित्रं कुणी काढली, संगीत कुणी दिलं.

"एवढे जण होते?" ताई म्हणाली. नावं संपेपर्यंत ती मोजत राहिली. मी मात्र मान खाली घातली होती.

ताई उठली, निरांजन पुन्हा लावलं आणि टीव्हीला ओवाळू लागली.

"अगं, हे काय?"

"भाऊ लांब असला की चंद्राला ओवाळतात ना? हे त्याहून लांबचे." मग तिने तबक माझ्यासमोर धरलं. "त्यांची ओवाळणी त्यांच्या वतीने तू घाल. साडी चालेल."

दुसऱ्या दिवशी साडी घेतली. पक्की पावती मागून घेतली.