एका रेसवर विझणारा दिवा

नोकरीत पाहिलेले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कोयता कोणत्या गुन्ह्यातला, हे मला सांगता यायचं नाही. पण कळंबच्या बाजूच्या एका वस्तीवरचा, बोटाच्या पेराएवढा तांबडा दिवा मात्र विसरता येत नाही. थंडी पडली आणि कारखान्याच्या मळीचा वास हवेत उतरला, की तो डोळ्यांपुढे पेटतो.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. गाळप हंगाम जोरात होता. सकाळची हजेरी चालू असताना रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जायचे, प्रत्येकावर चमकीच्या माळा आणि हे मोठाले स्पीकर. धुक्यात ट्रॅक्टर दिसायचा नाही. गाणं तेवढं यायचं आणि विरत जायचं. अशाच एका सकाळी एक वयस्कर शेतकरी तक्रार अर्ज घेऊन आले. सगळे त्यांना तात्या म्हणत.

तात्यांचा धाकटा भाऊ इंजिनिअर. तरुणपणी त्याने मुंबईहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच माणसांची, हिरवी, जमिनीला टेकल्यासारखी. भाऊ वारला आणि गाडी तात्यांच्या अंगणात राहिली. तात्यांना ती चालवता येत नव्हती. रोज संध्याकाळी ते तिच्यात बसायचे, चावी फिरवायचे, थोडा वेळ इंजिन ऐकायचे आणि बंद करायचे. एवढंच त्यांचं मोटारिंग.

"तिच्यातला डायनामा बदललाय, साहेब," तात्या म्हणाले. "मिस्त्रीनं काढून घेतला."

डायनामा म्हणजे अल्टरनेटर, इंजिन फिरत असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. गावाकडे त्याला डायनामाच म्हणतात. बॅटरीच्या वायरी बदलायला गाडी इंदापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे दिली होती. ती परत आली आणि तात्यांची झोप उडाली.

"नवा बसवला असेल तर चार्जिंग चांगलंच होत असेल की," मी म्हणालो.

"चांगलंच हुतंय, त्येच दुखणं हाय. आदी चावी फिरवली की म्होरं चार्जिंगचा तांबडा दिवा लागायचा. इंजान चालू झालं तरी जायचा न्हाय. भाऊ एकदा रेस द्यायचा, मगच जायचा. म्हणायचा, दादा, हिला हाक मारावी लागती. आता दिवा आपसूक जातोय. मला काय करायचाय असला डायनामा?"

हवालदार खिडकीकडे तोंड करून हसत होता. मला हसू आलं नाही. घरातली एक सवय चोरीला गेल्याची तक्रार माझ्यापुढे पहिल्यांदाच येत होती.

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. तो दुपारची नमाज आटोपून आला आणि खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"साहेब, मी वायरी बदलल्या. दुसऱ्या कशाला हात लावला न्हाय. पण आता कोण ऐकतंय? बाजारात बातमी फिरली. गिऱ्हाईक गाडी लावून चहाला जायचं, आता माझ्या हाताकडं बघत शेजारीच उभं ऱ्हातंय. काल एकानं तर आदी बॉनेटचे फोटो काढले. मला आत टाका, न्हायतर मोकळं करा. हे मधलं नगं. असंच चाललं तर दुकान बंद करावं लागंल."

खोटं बोलणारा माणूस शिक्षेला घाबरतो. हा संशयाला घाबरला होता. पण एवढ्यावरून कुणाला निर्दोष ठरवता येत नाही.

मिस्त्रीला बरोबर घेऊनच वस्तीवर गेलो. बॉनेट उघडलं. नवा अल्टरनेटर त्या नाजूक इंजिनाला पाहुण्याचा सदरा घातल्यासारखा दिसत होता. त्याच्या पंख्यात उसाचं वाळलेलं पाचट अडकलं होतं आणि पाचटात चमकीचा एक सोनेरी धागा.

"एवढा दांडगा डायनामा ह्या गाडीला कोण बसवंल?" मिस्त्री वाकून म्हणाला. "स्पीकरसाठी ट्रॅक्टरवाले बसवत्यात."

जुन्या गाड्या मूळ रूपात आणणाऱ्या पुण्यातल्या एका माणसाला मी फोन लावला. तो म्हणाला, "मूळचा भाग ओळखायचा तर नुसत्या अंगावर ठोकलेला नंबर बघून भागत नाही. पंखा, पुली, मागचं काळं झाकण, सगळं एका घरचं पाहिजे. लोक एक मूळचं ठेवतात आणि बाकीचं भरतीचं लावतात."

त्याच आठवड्यात हवालदाराने खबर दिली, तीही चहा पिता पिता. "साहेब, तात्यांच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरची गाणी बंद झालीत. रस्त्यावर सगळ्यात मोठा आवाज त्याचा असायचा. आता मुका जातोय."

मी कप खाली ठेवला. चोरीच्या तपासात आम्ही फायदा कुणाचा झाला ते बघतो. इथे तोटा कुणाचा झाला ते बघायला हवं होतं. पुतण्या म्हणजे त्या वारलेल्या भावाचा मुलगा. वाटणीनंतर दोन्ही घरांत बोलणं कामापुरतं उरलेलं. आणि मिस्त्रीकडून गाडी चालवत घरी आणून सोडली होती ती त्यानेच. घरचा माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

कारखान्याच्या वाटेवर त्याला थांबवलं. स्टीअरिंगजवळ एक छोटा तांबडा दिवा नव्याने बसवलेला होता. मी म्हणालो, "चालू कर." त्याने चावी फिरवली. दिवा लागला. इंजिन धडधडू लागलं तरी तो तसाच. माझ्याकडे न बघता त्याने एकदा रेस दिली आणि दिवा गेला. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं.

मी विचारायच्या आधी तोच बोलला. "वडलांचं माझ्याकडं काय हाय, साहेब? जमीन आज्जाची. गाडी तात्यांच्या दारात. मागितली असती तर त्येंनी दिली असती. पण मग सांजच्याला त्येंनी बसायचं कशात? म्हणून नुसता डायनामा घेतला. माझा चांगला तिला बसवला. त्यो जुना स्पीकर वढत न्हाय. गेली गाणी, तर गेली."

"आणि मिस्त्री?"

"त्येंच्यावर जाईल असं वाटलं न्हवतं."

"गेलंय. माणूस दुकान बंद करायला निघालाय. मग बोलला का नाहीस?"

"तात्यांपुढं उभं ऱ्हायची छाती झाली न्हाय."

मी त्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यावर यायला सांगितलं. गुन्हा अजून नोंदला नव्हता, तरी वस्तू तीच का, हे तात्यांनीच ओळखायला हवं होतं. माणसांच्या ओळख परेडी मी पुष्कळ पाहिल्या. यंत्राची ही एकच. लिंबाखाली टेबल मांडलं, दोन पंच उभे केले आणि ट्रॅक्टरवरून उतरवलेला अल्टरनेटर दिसायला सारख्या जुन्या अल्टरनेटरांच्या ओळीत ठेवला. बाकीचे पुरवले मिस्त्रीनेच.

तात्या प्रत्येकावरून बोटं फिरवत गेले. एकापाशी थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

"अंग ह्येचं हाय. हितं आकडे ठोकल्यात. पंखा त्योच, झाकण त्येच. पण पुली त्येची न्हाय. त्येची अरुंद हुती, भाऊ दर आयतवारी पुसायचा."

पुतण्या लिंबाआडून पुढे आला. ट्रॅक्टरच्या रुंद पट्ट्याला ती पुली बसत नव्हती, म्हणून त्याने दुसरी लावली होती. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्याने टेबलावर सोडली. आत अरुंद पुली होती, तेल लावून पुसलेली.

तात्या पुलीकडे बघत राहिले, मग पुतण्याकडे. पण बोलले ते आधी मिस्त्रीशी.

"मिस्त्री, तुमचं नाव घेतलं ते माझं चुकलं."

"हितं म्हणून काय उपेग, तात्या? बाजारात म्हणाल का?"

"म्हणतो. गाडी तुमच्या दारात आणून म्हणतो." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, लिवा. माझा डायनामा चोरीला गेलाच न्हाय. त्यो घरातच हाय."

तसा जबाब मी स्वतः लिहून घेतला. लिहिताना अक्षरं धूसर होत होती; वय झालं होतं, एवढंच म्हणतो.

आठवडी बाजारादिवशी हिरवी गाडी दिवसभर मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी होती, आणि शेजारच्या बाकावर बसून तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून स्वतःची चूक सांगत होते. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं पुन्हा चहाला जाऊ लागली. जुना अल्टरनेटर हातात धरून मिस्त्रीने विचारलं, "ह्यो कुठं बसवू?"

"ट्रॅक्टरलाच ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "फकस्त ट्रॅक्टर सांजच्याला माझ्या अंगणात लावायचा."

या प्रकरणाने मला एक शिकवलं. वस्तू कुणाची, हे कागद सांगतो; पण ती कुणाला का हवी होती, हे विचारल्याशिवाय तपास पुरा होत नाही. आरोपी मिळाला की आम्ही थांबतो, आणि पुष्कळदा खरी गोष्ट तिथून पुढे असते.

निवृत्त व्हायच्या सुमारास त्या वस्तीवरून जाणं झालं. संध्याकाळचं धुकं उसावर उतरत होतं. अंगणात हिरव्या गाडीशेजारी ट्रॅक्टर उभा, आणि सीटवर तात्या. चावी फिरवलेली, इंजिन चालू, तांबडा दिवा तसाच. पुतण्या खाली मडगार्डला टेकून उभा होता.

"मारा हाक, तात्या," तो म्हणाला.

तात्यांनी एकदा रेस दिली. दिवा गेला.