तव्यावर शेकलेलं दोडक्याचं बी

बियाण्याचं मडकं उघडलं आणि राखेचा वास आला की मला काकूच आठवते, आणि अजून संताप येतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. अंबडकडच्या आमच्या गावात बी मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नसे. वडील गेल्यावर काकूनं आम्हाला वेगळं काढलं. आई तिच्याकडं दोडक्याचं बी मागायला गेली. तिला ओसरीवर बसवून काकू आत गेली, तिच्यामागं मी. तिनं राखेत जपलेलं बी काढलं आणि तापल्या तव्यावर टाकलं.

"काय करायलीस काकू?"

"कीड लागत न्हाई मंग."

मी लहान, मला ते खरं वाटलं. आईनं बी लावलं, रोज पाणी घातलं. एक कोंब आला नाही. आडावर चार बायांसमोर काकू म्हणाली, "रांडमुंडीच्या हातचं बी उगवत न्हाई, बाई."

आईनंही ते खरं मानलं. मरेपर्यंत तिनं पुन्हा काही पेरलं नाही.

आता काकूही गेली; गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, बियाण्यासारखा राखेत घालून. अजून कीड लागलेली नाही.