तळहाताखालची ओल

रंगाचा डबा उघडण्याआधी तो भिंतीवर उजवा तळहात टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "भिंत ओला आहे, साहेब. थांबू."

पंचवटीतून जाता-येता तुम्हीही त्याला पाहिलं असेल. परांचीवर उकिडवा बसलेला, कानावर ब्रश खोचलेला किडकिडीत बंगाली माणूस. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला आला आणि इथलाच झाला. पुढे दुकानांची शटरं, शाळांच्या भिंती, पुलाचे खांब. वीस वर्षं गावभर रंगवत हिंडला, सही कुठेच केली नाही. देवांना चेहरे मात्र इथल्या माणसांचे द्यायचा. भाजीबाजारातली मावशी स्वतःला गोदामाई झालेली पाहून भडकली होती.

"मेल्या, माझं नाक एवढं मोठं हाय का रे?"

"मावशी, नाक तुमचाच आहे. मी फक्त नथ दिला."

हसत हसत तिनं त्याला मेथीच्या दोन जुड्या दिल्या.

पाण्याच्या टाकीभोवतीची लांबलचक भिंत त्याला मी मिळवून दिली. मी बांधकाम खात्यात. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. चित्रातल्या गोदाकाठच्या गर्दीत, एका कोपऱ्यात, त्यानं पहिल्यांदाच स्वतःची आई बसवायची ठरवली होती.

गिलावा ताजा होता आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली. त्यानं हात टेकवला. "एक महिना पाहिजे, साहेब. ओला आहे."

"वरचे ऐकायचे नाहीत. तू लाव रंग. काही झालं तर मी आहे ना."

"तुम्ही आहे, तर लावतो."

टाळ्या झाल्या, फोटो निघाले. दोन महिन्यांत रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. सगळ्यांत आधी कोपऱ्यातली आई गळून पडली. चौकशी लागली, तेव्हा अहवाल मी लिहिला: रंग निकृष्ट, चित्रकाराचा निष्काळजीपणा. ओलीबद्दल अक्षर नाही. माझी बढती तोंडावर होती. ती मिळाली. तो काळ्या यादीत गेला. पुन्हा त्याला कुणी भिंत दिली नाही.

वर्षभरानं त्या भिंतीला चुना मारायला ठेकेदारानं मजूर आणले, त्यांत तो होता. डोक्याला फडकं, हातात कुंचा. मी पाहणीला गेलो, तर उठून उभा राहिला आणि सवयीनं तळहात टेकवला.

"आता सुका आहे, साहेब. आता चालेल."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. तो कामाचंच सांगत होता. मी "हं" म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो. त्यानं आईच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर तो नाशकात कुणाला दिसला नाही. खोलीला कुलूप, गावचा पत्ता कुणाकडेच नाही. मावशी अजून विचारते, "साहेब, आपला बाबू कुठं गेला हो?"

"गावी गेला असेल."

"न सांगता? रागावून जाणारा नव्हता हो तो."

असं म्हणून त्याची आठवण म्हणून ती मेथीची एक जुडी जास्तीची माझ्या पिशवीत टाकते. मी ती घेतो.