मत नव्हतं कसं?

इथे आखातात, फरवानियाहून सुटणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या पुढच्या सीटवर असायची. बोलण्यावरून रत्नागिरीकडची वाटायची. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरचा एसी स्वतःकडे वळवण्याआधी ती आजूबाजूच्या सगळ्यांना विचारायची, “चालेल ना?” मी साहेबासारखी मान हलवायचो.

त्या आठवड्यात मी आमच्या मराठी मंडळासाठी महिला दिनाचं भाषण पाठ करत होतो. विषय होता अमेरिकेतल्या बायकांचा मताधिकाराचा लढा. एका सकाळी भान सुटलं आणि भर बसमध्ये मी हात उंचावून गरजलो, “मोर्चे काढले, तुरुंगात उपाशी राहिल्या, कारण या बायकांना मत नव्हतं!”

तिने मान वळवली. “मत नव्हतं कसं, भाऊ? मत असणारच हो. विचारीत नसतील कोणी.”

“अहो, मत म्हणजे व्होट,” मी समजावलं. विद्वान ना मी!

“तेच ते,” ती म्हणाली आणि एसीकडे हात नेला. “चालेल ना?”

घरी बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसलीच नाही. म्हणाली, “महिला दिनाला बोलायला तुम्हाला निवडलं कोणी?”

“एकमताने निवडलं,” मी ऐटीत म्हणालो. “कमिटीतल्या आम्ही पाचही पुरुषांनी.”